पहारेकरी नंबर सातची काळी काच

गाडीच्या काचा काळ्या कराव्यात की करू नयेत, ह्या विषयावर आमच्या टॅलो क्रीक गावात माझ्याइतका अधिकारी माणूस आज दुसरा नाही. हा अधिकार मी मागितला नव्हता. चार काचा, दोन अर्ज, एक भोंगा आणि मुलींच्या सॉफ्टबॉलचा एक अर्धवट सामना एवढं खर्ची पडल्यावर तो आपसूक माझ्या गळ्यात पडला. आता कुणीही काचा काळ्या करायला निघालं की आधी माझ्या दुकानात येऊन विचारतं. विचारताना हसतं, ते सोडून द्या.

माझं दुकान चष्म्यांचं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगणारच. गावातल्या निम्म्या नाकांवर मी बसवलेले चष्मे आहेत. शिवाय गेली एकोणीस वर्षं मी जिल्ह्याचा वादळ-पहारेकरी आहे, नंबर सात. मार्च ते जून आभाळाचा रंग फिरला की आपली गाडी काढायची, गावाच्या नैऋत्येला दफनभूमीचं टेकाड आहे तिथे जाऊन उभं राहायचं, ढगाकडे बघत बसायचं, आणि ढगातून सोंड, म्हणजे टोर्नेडो, उतरताना दिसली की वायरलेसवरून अग्निशमन केंद्रात हार्मन पिकरेलला कळवायचं. हार्मनने बटण दाबलं की गावभर भोंगा होतो. ह्या कामाला पगार नाही, गणवेश नाही. एक नंबर आहे आणि पत्र्याचा एक बिल्ला आहे. तो बिल्ला मी दुकानात गल्ल्याच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसेल पण मी मुद्दाम लावलाय असं वाटणार नाही, अशा बेताने लावलाय.

एकोणीस वर्षांत मी एकही टोर्नेडो पाहिलेला नाही. मी पश्चिमेला बसलो की तो पूर्वेला उतरतो. एका वर्षी दाढ दुखत होती म्हणून गेलो नाही, तर त्या दिवशी तो टेकाडाच्या पायथ्याने गेला आणि दाढेच्या डॉक्टरांनी तो खिडकीतून पाहिला. माझं तोंड उघडं होतं, पण पाठ खिडकीकडे होती.

नेडीन, म्हणजे माझी बायको, गाडीत माझ्या उजव्या हाताला बसते. नकाशा, नोंदवही आणि जेवणाचं बिडाचं पातेलं ही तिची खाती. टेकाडावर गाडी दक्षिणेकडे तोंड करून लावली की तिची खिडकी बरोबर पश्चिमेला येते. आमच्याकडे वादळ तिथूनच येतं आणि दुपारचं ऊनही तिथूनच. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या दंडावरचा एक डाग काढून तपासायला पाठवला. डाग साधा निघाला. पण निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी दुकानात काय करत होतो ते मला आठवत नाही, आणि त्या नऊ दिवसांतले चष्मे अजून बदलून घ्यायला येतायत. डॉक्टरांनी बजावलं, ह्यापुढे उन्हात बसणं बंद.

"ह्या वर्षी तू एकटाच जा मग," नेडीन म्हणाली. अगदी सहज म्हणाली, भांडी पुसता पुसता.

मी हो म्हणालो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. टोर्नेडो दिसला नाही तरी माझं एकोणीस वर्षं उत्तम चाललं होतं, कारण शेजारी ती होती. वहीत ती 'सव्वापाच, ढग, व्हर्जिलने तिसऱ्यांदा वाढून घेतलं' असल्या नोंदी करायची. एकट्याने टेकाडावर जाऊन ढगाकडे तोंड करून बसणाऱ्या माणसाला आमच्याकडे पहारेकरी म्हणत नाहीत, वेगळं काहीतरी म्हणतात. तेव्हा मी ठरवलं, व्हॅनच्या काचांवर फिल्म चिकटवून त्या काळ्या करायच्या.

ही गोष्ट मी फक्त युजीन ओडमना सांगितली, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना कळली. युजीन आमच्या शेजारी राहतात. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहेत आणि सल्ला देतात. खताच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर माझ्या काचांची जी चर्चा झाली तशी जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाचीही कधी झाली नसेल.

"चांगलं आहे," एक जण म्हणाला. "गार लागली आणि काच फुटली तर फिल्म तुकडे धरून ठेवते. तोंडावर येत नाहीत."

"वाईट आहे," दुसरा म्हणाला. "फिल्ममध्ये धातू असतो. वायरलेस बंद पडेल."

"ऊन लागत नाही, हे खरं."

"पण अंधारून आलं की दिसतही नाही. आणि वादळ अंधारूनच येतं की रे!"

युजीननी कप खाली ठेवला. "व्हर्जिल, मी सांगतो ते ऐक. बाहेरून जे वादळवाले येतात ना, छपरावर तबकड्या लावून, त्यांच्या सगळ्यांच्या काचा काळ्याकुट्ट असतात. का? सांग, का?"

"ऊन लागू नये म्हणून?"

"आत बसून ते झोपा काढतात ते दिसू नये म्हणून! तू कर काळ्या. तुला झोप फार."

मी चष्म्यांचा माणूस असल्यामुळे काचेतून किती उजेड आत यावा ह्यावर मला दोन शब्द बोलायचे होते. ते बोलायला मी घसा साफ केला, तेवढ्यात सगळे उठले.

कायद्याने काच ठरावीक हद्दीपर्यंतच काळी करता येते. डॉक्टरांनी सांगितलेली फिल्म त्या हद्दीच्या बाहेरची होती. म्हणून परवान्याचा अर्ज आला, आणि अर्ज आला म्हणजे कचेरीची खिडकी आली. खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. चष्मा माझ्याच दुकानातला होता, म्हणून मला धीर आला.

"रुग्ण कोण?"

"माझी बायको."

"आणि चालक?"

"मी."

"सवलत चालकाला आहे. रुग्णाने गाडी चालवायला हवी."

"अहो, पण ती चालवायला बसली तर डावीकडे बसेल. ऊन उजवीकडून येतं."

बाईंनी थोडा विचार केला. माणूस मनापासून मदत करायला बघतोय हे चेहऱ्यावरून कळतं, तसं कळत होतं. "मग गाडी उत्तरेकडे तोंड करून लावा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ऊन त्यांच्या अंगावर येईल आणि अर्ज मंजूर होईल."

शेवटी नेडीन चालक आणि मी रुग्णाचा नवरा असा दुसरा अर्ज भरला. प्रमाणपत्र आलं. त्यावर खाली सूचना होती, की हे प्रमाणपत्र काचेच्या आतल्या बाजूने, बाहेरून वाचता येईल असं लावावं. काच काळी झाल्यावर ते बाहेरून कसं वाचता येणार, हे विचारायला मी परत गेलो नाही. माणसाने कुठे थांबावं हे कळायला हवं.

काचा काळ्या करणारा गावात एकच, लॅनी. मुळात तो पाट्या रंगवतो. काचांचा अनुभव आहे का विचारल्यावर म्हणाला, "म्हणजे काय मिस्टर ट्रॅमेल! त्या अंत्यसंस्कारवाल्यांची मोठी गाडी कुणी केली? आजवर एकाही प्रवाशाची तक्रार नाही." त्याच गाडीची फिल्म उरली होती, तीच त्याने मला लावली. माझी व्हॅन मूळची काळी. लॅनीने काचा केल्यावर ती इतकी गंभीर दिसायला लागली, की मीच तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागलो.

"चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत," लॅनीने बजावलं. "फिल्म अजून ओली आहे."

"आणि हे काय?" नेडीनच्या खिडकीवर, वरच्या कडेपासून निघून खाली निमुळती होत गेलेली, जराशी वाकडी अशी बोटभर लांब सुरकुती होती.

"उन्हाने बसेल ती. दोन आठवडे द्या."

घरी जाताना पहिला चमत्कार झाला. समोरून येणारा ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन थांबला आणि ड्रायव्हरने टोपी काढून छातीशी धरली. मग दुसरी गाडी थांबली. मग तिसरी. आमच्याकडे प्रेतयात्रेची गाडी आली की सगळे कडेला घेऊन थांबतात आणि टोप्या काढतात, कितीही घाई असो. एरवी आम्ही सगळे समोरच्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. मीही उचलत होतो, पण आत एवढा अंधार, की माझं बोट कुणाला दिसेना. मिसेस हेझलवूड तर गाडीतून उतरून गवतात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा मी सांगितलं, काल मीच होतो. त्या म्हणाल्या, "असेल. पण मी केलेली प्रार्थना आता परत घेता येत नाही. ठेव तुझ्याकडे."

गाडीत मात्र नेडीन खूष होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ती दंड उघडा टाकून, पाय डॅशबोर्डवर ठेवून बसली होती. "व्हर्जिल, सावलीतल्या पडवीत बसल्यासारखं वाटतंय रे," ती म्हणाली. तिला तसं बसलेलं पाहून मला फार बरं वाटलं. ते एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे झालं त्यानंतरही मला ते बरंच वाटत राहिलं.

काचा करून तिसरा दिवस होता. आभाळ भरून आलं, हार्मनने पहारेकऱ्यांना बाहेर काढलं. आम्ही टेकाडावर. सूर्य ढगाखालून तिरपा आत येत होता. नेडीन पातेल्यातून वाढत होती, तिचं डोकं खाली होतं. मी तिच्या खिडकीकडे पाहिलं. काळ्या ढगाच्या तळापासून निघून खाली निमुळती होत गेलेली, जराशी वाकडी सोंड!

काच खाली करून बघावं, हा विचार मला शिवला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण लॅनीने चार दिवस सांगितले होते, आणि मी सूचना पाळणारा माणूस आहे. एकोणीस वर्षं जिची वाट पाहिली ती समोर होती. मी वायरलेस उचलला.

"हार्मन, सात नंबर बोलतोय. सोंड! टेकाडाच्या पश्चिमेला!"

"नक्की?"

"डोळ्यांनी बघतोय!"

भोंगा सुरू झाला. मी गाडी वळवली आणि गावाकडे पळवली. उजवीकडे बघतो तर सोंड आता दक्षिणेला! "हार्मन, दिशा बदलली! दक्षिणेला आली! आमच्याबरोबर सरकतेय! ताशी पंचेचाळीस मैल!" मी वेग वाढवला. "पंचावन्न!" काय प्रसंग होता! माझे शब्द स्पष्ट होते. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं मला आठवत होतं.

गावाच्या तोंडाशी थांबा अशी पाटी आहे. तिथे मी थांबलो. आभाळ कोसळत असलं तरी तिथे थांबायचं असतं.

"व्हर्जिल," नेडीन हळूच म्हणाली. "आपण थांबलो."

"हो, पाटी आहे."

"तीही थांबली."

मी बघितलं. सोंड थांबली होती. नेडीनने बोट पुढे केलं आणि टोर्नेडोवर ठेवलं.

आमच्या गावाची एक रीत आहे. भोंगा झाला की बायकामुलं तळघरात जातात आणि पुरुष ओट्यावर खुर्च्या टाकून आभाळ बघत बसतात. त्या संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले होते, आणि त्यांच्या समोरून मुख्य रस्त्याने माझी काळी गाडी सावकाश अग्निशमन केंद्राकडे गेली. दोघांनी टोप्या काढल्या. तिकडे शाळेच्या मैदानावर आमच्या मुली सहा वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या गावावर आघाडी घेऊन होत्या. चौथा डाव चालू होता. भोंग्यामुळे सामना थांबला, पाचवा डाव झाला नाही म्हणून तो धरलाच गेला नाही.

हार्मन माझ्याबरोबर पहिलीपासून होता. त्याने बाहेर येऊन काचेकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे दोनदा.

"हा का तुझा टोर्नेडो? आणलास की गावात!"

"हार्मन, उजेड तिरपा होता."

"अरे, तू चष्मे विकतोस!" तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणला, कारण बाजूला लोक जमले होते. "हे बघ व्हर्जिल. लोक एका भोंग्याला उठतात, दुसऱ्याला वर बघतात, तिसऱ्याला कूस बदलतात. मला असला भोंगा परवडत नाही. आणखी एकदा असं झालं तर सात नंबर दुसऱ्याला देईन. आणि ह्यापुढे काच खाली केल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही. समजलं?"

वाईट वाटलं ते ओरडला म्हणून नाही. तो बरोबर बोलत होता म्हणून वाटलं.

पुढचे तीन आठवडे दुकानात गर्दी होती, खप नव्हता. लोक यायचे, एखादा चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि विचारायचे, "ह्यातून टोर्नेडो किती दिसतात? मला दोनवाला हवाय." बँकेत, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, मी काही बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "आधी काच खाली कर!" युजीननी तर मला जुन्या चष्म्याची एक काडी भेट दिली, म्हणाले, "ह्याने सोंड खरवडून काढ."

मी लॅनीकडे गेलो. सुरकुती उन्हाने बसली नव्हती, उलट ठसठशीत झाली होती. "काढून टाकतो की," तो म्हणाला, "पण तशी फिल्म आता संपली. नवी जूनमध्ये येईल." शिवाय फिल्म लावताना मारलेलं साबणाचं पाणी दारात झिरपून नेडीनच्या काचेचं बटण मेलं होतं. म्हणजे हार्मनने काच खाली करायला सांगितली आणि लॅनीने ती कायमची वर केली.

"काढून टाकूया का गं?" मी घरी येऊन विचारलं. "साधी काच बरी."

नेडीन विणत होती. "माझं डोकं ह्या वर्षी उन्हाने एकदाही दुखलं नाही," ती म्हणाली. "पण तुझा नंबर जाणार असेल तर काढ. मी घरी बसेन."

मी सुरकुती राहू दिली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, वारा एकदम पडला. पान हलेना. हार्मनने सगळ्यांना बाहेर पाठवलं. मला पाठवताना त्याने वायरलेसवर नुसता एक सुस्कारा सोडला. टेकाडावर दक्षिणेकडे तोंड, पश्चिमेला नेडीन, मांडीवर पातेलं. बाहेर काळोखी दाटली आणि त्या काचेतून तर ती दुप्पट दिसत होती. बाकीचे पहारेकरी एकेक करून सांगत होते, काही नाही, काही नाही. मीही सांगितलं, काही नाही. माझ्यासमोर सुरकुती होती आणि मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

नेडीन बघत होती. "व्हर्जिल," ती म्हणाली, "सुरकुती एकच होती ना?"

"एकच."

"आज दोन आहेत."

मी पाहिलं. दोन होत्या. पहिली आपल्या जागी, आणि तिच्या डावीकडे दुसरी, जास्त जाड. खरं सांगतो, मला पहिल्यांदा लॅनीचा राग आला. "बघ! सगळीच फिल्म सुटायला लागली. त्याला म्हटलं होतं मी..."

"ती हलतेय."

"आपण हललो असू."

"आपण उभे आहोत, व्हर्जिल!"

मी बटण दाबलं. काच हलली नाही. पुन्हा दाबलं. माझा नंबर, माझं दुकान, खुर्च्यांवर बसलेलं गाव, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि खरंच ती फिल्म असली तर? तेवढ्यात छपरावर टाण् करून आवाज झाला. मग दुसरा. मग मुठीएवढ्या गारा धडाधड पडायला लागल्या आणि एक नेमकी नेडीनच्या काचेवर बसली. काच कडाडली आणि पांढरीफटक झाली, पण एक तुकडा आत आला नाही. फिल्मने सगळी काच जागच्या जागी धरून ठेवली होती. नेडीनच्या गालापासून ती वीतभर अंतरावर होती, आणि तिला ओरखडाही आला नाही. त्या क्षणी लॅनी समोर असता तर मी त्याला मिठी मारली असती. फक्त, आता त्या खिडकीतून काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"मी बाहेर जातो," मी म्हणालो.

"डोकं फुटेल तुझं!" तिने पातेल्यातलं सगळं नोंदवहीवर ओतलं आणि रिकामं पातेलं माझ्या डोक्यावर घातलं. "आता जा."

मी दार उघडून बाहेर पडलो. डोक्यावर गारा घंटेसारख्या वाजत होत्या. गाडीला वळसा घालून मी पश्चिमेला पाहिलं, आणि तिथे ती होती.

गव्हाच्या शेतापलीकडे, राखाडी, उंच, सावकाश फिरत, जमिनीला टेकलेली. आवाज लांबच्या मालगाडीसारखा. ती आमच्या उत्तरेने, थेट गावाच्या रोखाने निघाली होती. एकोणीस वर्षं मला वाटायचं, दिसली की मी आनंदाने ओरडेन. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. फार सुंदर होती आणि मला फार भीती वाटली, आणि डोक्यातलं बाकी सगळं पुसलं जाऊन एकच गोष्ट उरली, की आज मंगळवार, मुलींचा सराव असतो.

नेडीनने दारातून वायरलेस माझ्या हातात दिला.

"हार्मन, सात नंबर. सोंड जमिनीला टेकलेली. टेकाडाच्या वायव्येला. गावाकडे निघालीय."

पलीकडून हार्मनने विचारलं, "काच खाली आहे का?"

"काच फुटली, हार्मन. मी बाहेर उभा आहे. डोक्यावर पातेलं आहे."

"नेडीनला दे."

नेडीन म्हणाली, "हार्मन, तो खरंच पातेलं घालून उभा आहे. वाजव भोंगा!"

भोंगा झाला. आणि त्यावर हार्मनने कधी नव्हे ते गावच्या कर्ण्यावरून सांगितलं, "सगळे खाली जा. ओट्यावर कुणी बसायचं नाही. हे व्हर्जिलने काचेतून पाहिलेलं नाही. बाहेर उभं राहून पाहिलंय."

युजीन ओडम आयुष्यात पहिल्यांदा तळघरात गेले. त्यांचंच म्हणणं आहे, "मी विचार केला, हा माणूस पुन्हा हसं करून घ्यायला तयार झालाय, म्हणजे नक्की काहीतरी आहे." मैदानावरच्या चौदा मुली शाळेच्या तळघरात पोचल्या, त्यानंतर आठ मिनिटांनी मैदानावरची लोखंडी बाकं उचलली गेली आणि रस्त्यापलीकडच्या तळ्यात पडली. लॅनीच्या दुकानाचं छप्पर गेलं आणि काळ्या फिल्मची भेंडोळी उलगडत गेली, तीन मैलांपर्यंत कुंपणांना लटकत होती. तो खोटं बोलला होता, त्याच्याकडे भरपूर फिल्म होती. माणूस मात्र एकही गेला नाही. युजीनची खुर्ची गेली.

आभाळ उघडल्यावर आम्ही परत निघालो. फुटलेली काच नेडीनने टॉवेलने आतून ढकलून सबंधच्या सबंध बाहेर काढली, सुरकुतीसकट, आणि मागच्या सीटवर ठेवली. मोकळ्या खिडकीतून थंड वारा येत होता. माझं डोकं दुखत होतं आणि मी तिला सारखं विचारत होतो, "तू पाहिलीस ना? तूही पाहिलीस ना?"

"पाहिली रे, पाहिली. तुझ्या आधी पाहिली," ती म्हणाली.

गावाच्या तोंडाशी पाटीपाशी मी थांबलो. समोरून एक ट्रक आला, कडेला घेऊन थांबला. ड्रायव्हरने टोपी काढली. त्याच्यामागे दुसरा थांबला. मग मिसेस हेझलवूड उतरून गवतात उभ्या राहिल्या. मुख्य रस्त्याने दोन्ही बाजूंना माणसं तळघरांतून वर आली होती आणि टोप्या हातात धरून उभी होती. अग्निशमन केंद्राच्या दारात हार्मनने हेल्मेट काढलं.

"सांग ना त्यांना," मी पुटपुटलो, "आत आपण आहोत म्हणून. पुन्हा प्रार्थना नकोत."

"वेड्या," नेडीन म्हणाली, "त्यांना माहीत आहे."

आणि त्या मोकळ्या खिडकीतून तिने आपला दंड बाहेर काढला आणि सबंध रस्ताभर हात हलवत राहिली. ऊन कलतं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.